भटक्या नव्हे, घरचाच!

पुनर्वसू म्हटले की आपल्याला 'तरणा' पाऊस आठवतो. पण या नक्षत्राचे दोन ठळक तारे पाहायचे तर माघ-फाल्गुनात. रात्रीची जेवणे उरकली की अंगणात या; ते जवळजवळ डोक्यावर असतात. हात लांब धरून त्यांतल्या उत्तरेकडच्या ताऱ्यापासून आणखी उत्तरेला चार बोटे मोजा. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही. मोठ्या दुर्बिणीतून मात्र कापसाच्या पुंजक्यासारखा पुसट ठिपका दिसतो. तो आहे लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ, 'एनजीसी २४१९'. विल्यम हर्शेल यांनी तो १७८८ साली शोधला.

त्याचा उजेड इथवर यायला सुमारे २ लाख ७५ हजार वर्षे लागतात. आज दिसणारा उजेड निघाला, तेव्हा माणसाने एक दाणाही पेरला नव्हता! इतक्या लांबचा, म्हणून तो आपल्या आकाशगंगेला सोडून चाललेला असावा असे वाटे. नावही 'भटक्या' पडले. पुढे त्याची चाल मोजली, तेव्हा कळले की आकाशगंगेच्या ओढीने तो बांधलेलाच आहे. फक्त त्याची एक फेरी अब्जावधी वर्षांची.

लांबच्या रानात चरणारे प्रत्येक जनावर चुकलेलेच असते असे नाही, मंडळी!