आखराची नोंद

वस्तीला लागून असलेल्या मोकळ्या, हिरव्या जागेवर घरांची योजना जाहीर झाली म्हणजे दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकतात. जागा सरकारी आहे आणि पडीक आहे, असे एकाचे म्हणणे. जागा वाडवडिलांपासून आमच्या वहिवाटीत आहे, असे दुसऱ्याचे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या पूर्व विदर्भात, या दोन्ही म्हणण्यांनी प्रश्न पुरा होत नाही. कारण जमिनीचे स्वामित्व शासनाकडे असले तरी तिच्या उपभोगाचा गावाचा हक्क येथे महसुली दप्तरात लेखी उतरलेला असतो, आणि विरोध करणाऱ्यांनी सर्वांत आधी हाती घ्यावयाचा कागद तोच होय.

आखराचेच पाहा. सकाळी गावची ढोरे जमतात आणि तेथून गोवारी त्यांना रानात नेतो, ती ही गावालगतची जागा. वैशाखाच्या उन्हात मोजणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्याला तीत वाळलेले शेण आणि एखाददुसरा मोह यांवाचून काही दिसू नये, आणि त्याने तिला पडीक म्हणावे, यात त्याचा फारसा दोषही नाही. तथापि अवघ्या महिन्याभरापूर्वी त्याच मोहाखालची जमीन बायांनी झाडून स्वच्छ केलेली असते, कारण रात्रभर गळलेली फुले पहाटे वेचावयाची असतात. श्रावणी अमावास्येला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहून पोळा फुटतो तो तेथेच, आणि दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढत मुले तान्हा पोळा भरवतात तोही तेथेच. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन तेथे खेळवले जाते, मागोमाग मंडई भरते आणि दंडार पाहण्यासाठी आसपासच्या गावची पाहुणेमंडळी रात्रभर दाटीवाटीने बसून राहतात. आणि ज्याच्या पदरी स्वतःचे खळे नाही त्याचे धानही तेथेच मळून निघते. इतका राबता असलेल्या जागेला नकाशावर एकच कोरा चौकोन मिळतो, याचे मला फार वाईट वाटते.

मालगुजारीच्या काळी गावची जमीन मालगुजाराच्या नावे असली, तरी जळण, चराई, तलावाचे पाणी, वाट आणि मसणवट यांविषयी रयतेचे जे रिवाज होते ते बंदोबस्ताच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात नोंदले जात. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली; गावची मोकळी जमीन आणि कोहळी समाजाच्या कर्तबगारीने उभे राहिलेले तलाव, ज्यांना आपण आजही मामा तलाव म्हणतो, सरकारजमा झाले; परंतु रयतेचा निस्तार, म्हणजे या रिवाजांप्रमाणे उपभोग घेण्याचा हक्क, संपला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत केवळ विदर्भासाठी एक स्वतंत्र प्रकरण घातलेले आहे. त्यानुसार गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीचे निस्तारपत्रक जिल्हाधिकाऱ्याने तयार करावयाचे असते, त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करावयाचा असतो, आणि रहिवाशांची इच्छा अजमावल्यावरच तो कायम व्हावयाचा असतो. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत निस्ताराचा नावानिशी समावेश केला. एवढा भक्कम आधार असताना आपली गावे अर्जात केवळ भावनेची भाषा लिहितात आणि निस्तारपत्रकाची नक्कल मागतही नाहीत, हे मला न पटणारे आहे.

यांतील पुष्कळ जमिनी दप्तरी झुडपी जंगल म्हणून दाखल आहेत, आणि त्यांच्यापुरता कायदा आता अधिक स्पष्ट झाला आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्वाळा दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी अन्य कामांसाठी दिल्या गेलेल्या जागा केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्याची वाट ठेवली. आणि वनाला लागून नसलेले तीन हेक्टरांच्या आतील विखुरलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करण्यास सांगितले. बहुतेक वाद पेटतात ते नेमके अशाच लहान तुकड्यांवरून.

शहरातील रहिवाशाला निस्तारपत्रक उपयोगी पडत नाही. त्याची भिस्त ले-आउटच्या मंजूर नकाशावर. धानाच्या बांध्या मोडून जे मोठे ले-आउट पडतात, त्यांत दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, आणि तिची किंमत प्रत्येकाने आपल्या प्लॉटच्या भावातच मोजलेली असते. बंगळूरच्या राजमहल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखलेला भूखंड खासगी रुग्णालयाला देण्यात आला, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले, आणि वस्तीच्या उद्यानासाठी दाद मागण्याचा शेजाऱ्यांचा अधिकारही मान्य केला. मुंबईत मात्र उलट झाले. तेथे मैदाने व उद्याने यांसाठी राखलेल्या जमिनींवर झोपडपट्ट्या वसल्या, आणि अशा जागेचा पस्तीस टक्के भाग मोकळा ठेवून उरलेल्या भागावर पुनर्वसनाच्या इमारती उभारू देणारा नियम जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने वैध ठरवला. या नियमाविरुद्धचा दावा २००२ पासूनचा. परंतु तोवर कितीतरी राखीव जागा केवळ कागदावरच राखीव उरल्या होत्या.

घरकुलाला विरोध म्हणजे गरिबाला विरोध, हा आक्षेप येथे घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याला घर नाही त्याला आखराचे माहात्म्य सांगणे क्रूरपणाचे आहे. पंजाबातील एका गावच्या तळ्यावर बांधलेली घरे हटवण्याचा आदेश देताना, सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणातील निकालपत्राने सर्व राज्यांना गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास बजावले, पण भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवादही केला. तो अपवाद मला सर्वथा न्याय्य वाटतो. म्हणूनच आखर वाचवू पाहणाऱ्या गावाने त्याच ठरावात घरकुलासाठी दुसरी जागा सुचवली पाहिजे. भूमिहीनाला जागा विकत घेण्यास साहाय्य देणारी दीनदयाल उपाध्याय यांच्या नावाची शासकीय योजना त्याचकरिता आहे. आखरावर ढोरे बांधणारा आणि मोह वेचणारा माणूस पुष्कळदा तोच असतो, ज्याचे नाव घरकुलाच्या यादीत आहे. त्याच्याकडून एक हिरावून दुसरे देण्याचा सौदा गावाने मुकाट्याने मान्य करू नये.

येत्या ग्रामसभेत तलाठ्याला निस्तारपत्रक मोठ्याने वाचून दाखवावयास सांगावे, आणि त्यात आखर, पोळ्याची जागा, मंडईचे मैदान, मसणवट व तलावाचा काठ गट क्रमांकांसह आहेत की नाहीत हे तपासावे. नसतील, तर दुरुस्तीची विनंती ग्रामपंचायतीने जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी, आणि अर्जाची पोच दप्तरात लावून घ्यावी.