ही ओळखपरेड नको

दोन गावांतल्या प्राथमिक शाळा व्हिडिओ कॉलवर जोडल्या की बहुधा ठरलेलाच कार्यक्रम होतो. इकडच्या मुली लुगडं नेसून नाचतात, तिकडची मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, अहवाल जातो. वेश कळतो, माणूस कळत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं, की नुसत्या गाठीभेटींनी पूर्वग्रह जात नाहीत; दोन्ही बाजू बरोबरीच्या हव्यात आणि एकमेकांवाचून अडेल असं काम समोर हवं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा झाली ती पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची. त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन इथल्या मुलांनाही जोडलं होतं. त्यात मुलाला पलीकडचा सोबती मिळे आणि देवाणघेवाण काही आठवडे चाले. मला मोल वाटतं ते याचं.

आपल्या भिलाईतल्या सुपेल्यात हे कशाला, असं कुणी म्हणेल. भिलाईत १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, मराठी घरं इथे भिंतीला भिंत लावून आहेत. खरं आहे, पण शेजाऱ्याला आपण काही समजावून सांगत नाही, सगळं गृहीत धरतो. दूरचा सोबती प्रश्न विचारतो. पोळ्याचंच घ्या. इथल्या छत्तीसगडी घरांत पोरा, मातीचा नंदिया बैल, ठेठरी-खुरमी. विदर्भात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. नागपूरचं पोर म्हणेल, पोळा श्रावणी अमावस्येला; इथलं म्हणेल, भादोच्या. दिवस मात्र एकच! दोघांना मिळून सणांचा एक तक्ता करायला दिला, तर ती आधी भांडतील, मग आजीला विचारतील, आणि तिकडे महिना अमावस्येला संपतो, इकडे पौर्णिमेला, हे त्यांचं त्यांनाच सापडेल.

नेटवर्कचं रडगाणं मला फारसं पटत नाही. कॉल लागायलाच हवा असं कुठे आहे? गुरुजींच्या फोनवरून आवाज टिपून पाठवला, पत्राचा फोटो धाडला, तरी भागतं. उलट बुजऱ्या मुलालाही विचार करायला सवड मिळते. शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हा आक्षेप मात्र वजनदार. म्हणून वर्षाला एकच काम घ्यावं आणि तडीस न्यावं. भिलाईतल्या कितीतरी मराठी घरांचं विदर्भात येणंजाणं आहे. तिकडच्या ओळखीच्या मास्तरांना आपल्या वॉर्डातल्या शाळेशी जोडून द्या, आणि फोन पोळ्याच्या महिनाभर आधी करा.