आमचा रविवार गुरुवारी

रविवारची ही पुरवणी हातात घेऊन तुम्ही निवांत दुसरा चहा पीत असाल, तेव्हा आमच्या निगडीतल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत असतात. आमचा रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार आठवड्यावर वाटला जावा म्हणून कधीकाळी या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवारची सुट्टी आली आणि ती अंगवळणी पडली. पुण्यातले पाहुणे मात्र अजूनही रविवारीच येतात आणि यजमान घरी नाहीत म्हणून रुसतात.

सुट्टी कोणत्या वारी, हा वाद तसा क्षुल्लक. आठवड्याला एक सुट्टी, हेच मुळात मागून घ्यावे लागले होते. ते मागणारा माणूस आमच्याच बाजूचा, याची जाणीव इकडे फार थोड्यांना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव कन्हेरसर, तालुका खेड. चाकणही त्याच तालुक्यात. लोखंडे मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी. १८८०मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र चालवायला घेतले आणि १८८४मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली.

तेव्हा गिरणीचा दिवस सूर्याबरोबर उगवे नि सूर्याबरोबर मावळे. उन्हाळ्यात तो तेरा-चौदा तासांचा होई. गिरणी मधूनमधून बंद राही ती यंत्रे पुसण्यासाठी, आणि पुसायला माणसे लागतच. १८८४च्या सप्टेंबरात सभा भरल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्या, कामावर जखमी झालेल्याला पगार द्या. वाचताना संकोच वाटावा इतक्या साध्या मागण्या!

गंमत अशी, की हिंदुस्थानी कामगाराचा कळवळा तेव्हा लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही आला होता. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जाचत होते. त्यामुळे १८८१चा पहिला कारखाना कायदा आला तेव्हा आपल्याकडच्या अनेक राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनी त्याला विरोध केला. विलायती मालकांचा हेतू शुद्ध नव्हता, हे खरेच. पण सात वर्षांच्या पोराला यंत्रापाशी उभे करणारा देशी मालक तरी कोणत्या हेतूने करीत होता? लोखंड्यांनी देशी-विदेशीचा हा पेच बाजूला सारला आणि कामगाराची बाजू घेतली. मला त्यांचे मोठेपण यात वाटते.

त्या लँकेशायरलाही सुखासुखी काही मिळाले नव्हते. १८१९मध्ये मँचेस्टरच्या मैदानात मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घातले गेले, माणसे मेली. बायका आणि पोरांना दहा तासांचा दिवस मिळायला १८४७ उजाडले. रविवार मात्र तिथल्या कामगाराला मागावा लागला नाही. तो चर्चने आधीच राखून ठेवला होता. आपल्याकडे रविवार खंडोबाचा. पण गिरणीच्या भोंग्यापुढे खंडोबाचे कोण ऐकतो!

१८९०च्या एप्रिलात महालक्ष्मीजवळ सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. १८९१च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर शिक्का मारला. मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि १८९७च्या फेब्रुवारीत त्यातच लोखंडे गेले. वय पन्नाशीच्याही आत. २००५मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. त्यांच्या कन्हेरसरच्या आणि शेजारच्या निमगाव-दावडीच्या शिवारात पुढे सेझसाठी जमिनी घेतल्या गेल्या. म्हणजे कारखाना अखेर त्यांच्या गावापर्यंत जाऊन पोचला.

हे सगळे आठवले ते भाच्यामुळे. तो चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे. सात महिन्यांनी ‘ब्रेक’, मग नवे कार्ड, पुन्हा पहिला दिवस. सुट्टी कायद्यात आहे, त्याच्या कार्डावरही छापलेली आहे. पण माल निघायचा असला की सुट्टीच्या दिवशी बोलावणे येते, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे नवे कार्ड निघत नाही. कायम कामगारांची युनियन त्याला आपला मानत नाही. तोही म्हणतो, ओव्हरटाइमचे पैसे आहेत ना, मामा. खोलीचे भाडे त्यातूनच जाते, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मी पुढे बोलत नाही.

परवा विचारले, या गुरुवारी तरी जेवायला येशील का? तुझ्या मामीने पुरणाचा घाट घातलाय.

म्हणाला, “बुधवारी रात्री दहापर्यंत सुपरवायझरचा फोन नाही आला, तर नक्की येतो.”