शेवंतीवर लादलेले सुतक

तौलनिक साहित्याच्या उत्तरपत्रिका तपासताना यंदा एकाच वाक्याने आम्हांला पुनःपुन्हा गाठले : 'चिनी कवितेत शेवंती हे पानगळीच्या उदासीचे व मृत्यूचे प्रतीक आहे.' विद्यार्थ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. हे वाक्य बाजारातील मार्गदर्शिकांतले आहे आणि, कबूल केले पाहिजे, आमच्यापैकी काहींच्या वर्गातील टिपणांतलेही. तेव्हा हा वाद प्रथम स्वतःशीच आहे.

पहिला घोळ ऋतूचा. चिनी कविता आपल्याकडे बहुधा इंग्रजीमार्गे येते. 'ऑटम' दिसला की आपण 'पानगळ' लिहितो, कधी थेट 'शिशिर'. पण शिशिर म्हणजे माघ-फाल्गुन. शेवंतीचा चिनी सण, छोंगयांग, येतो नवव्या चांद्रमासाच्या नवव्या तिथीला, म्हणजे आपल्या शरदात. २०२३ साली तो २३ ऑक्टोबरला होता आणि दुसऱ्या दिवशी आपला दसरा. २०२४ मध्ये ११ ऑक्टोबरला, पुन्हा दसऱ्याच्या आदल्या दिवशी. (अधिक महिन्यामुळे काही वर्षी अंतर पडते, २०२५ मध्ये पडलेच.) या दिवशी लोक डोंगर चढत, शेवंती घातलेले मद्य पीत, फुले पाहत. यात सुतक कुठले?

दुसरा घोळ अधिक गंभीर, कारण तो वाचनाचा आहे. इ.स. ४०५ मध्ये ताओ युआनमिंग याने अधिकारपद सोडले आणि तो शेतीकडे परतला. पूर्वेच्या कुंपणापाशी शेवंती खुडता खुडता त्याला दूरचा डोंगर दिसतो, एवढीच त्याच्या त्या प्रसिद्ध कवितेतली घटना. तीत शोक नाही, सुटका आहे. आठव्या शतकातला मंग हाओरान खेड्यातल्या स्नेह्याकडे जेवतो आणि निघताना सांगतो की छोंगयांगला शेवंतीसाठी पुन्हा येईन. इतके साधे, घरगुती आमंत्रण! आणि 'लाल दालनाचे स्वप्न' या अठराव्या शतकातील कादंबरीचे ३८वे प्रकरण तर आमच्या मते प्रत्येक वर्गात सांगितले पाहिजे. बागेत खेकड्यांची मेजवानी झडते, गरम मद्य येते, हात धुण्यासाठी शेवंतीच्या पानांचा वास दिलेले मुगाचे पीठ मागवले जाते, आणि मग मंडळी शेवंतीवर बारा कविता रचतात. त्या कवितांत उदास सूर जरूर आहेत. पण आधी पोटभर खेकडे आहेत.

प्रतिवादी दू फूचे नाव घेतील. घ्यावे. यादवीने विस्थापित झालेल्या त्या कवीला शेवंती फुललेली पाहून अश्रू आवरत नाहीत. पण का? ज्या फुलासंगे घरी आनंद करायचा, ते परमुलखात दुसऱ्यांदा फुलले म्हणून. शेवंती मुळातच शोकाची असती तर त्या अश्रूंना धार कोठून आली असती? आज चीन-जपानमध्ये अंत्यविधीला पांढरी शेवंती वाहतात, फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात, हेही खरे. परंतु आजचा संकेत पाचव्या शतकातील कुंपणावर नेऊन टांगणे याला समीक्षा म्हणत नाहीत.

आम्हांला खरी चिंता वेगळीच आहे. ज्या मुलीने 'मृत्यूचे प्रतीक' असे लिहिले, तिने स्वतः केसांत शेवंतीची वेणी माळली असेल. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला ती फुले आणली असतील. या फुलाविषयी तिला काही ठाऊक होते. ते बाजूला ठेवून कोष्टकातला अर्थ लिहिला तरच गुण मिळतात, हे तिला कोणी शिकवले? आपणच. 'प्रतीक स्पष्ट करा' असा प्रश्न वर्षानुवर्षे काढून.

टिपणांतले ते वाक्य आम्ही खोडले आहे. येत्या सत्रात 'ऑटम'च्या जागी शरद लिहिला जाईल आणि मंग हाओरानच्या कवितेवर एवढेच विचारले जाईल : हा माणूस परत का येणार आहे?