बिनपगारी मुनीम

परवा सकाळी साडेसातच्या एस.टी.ने नागपूरला गेलो. कशासाठी? वर्धा रोडवरच्या एका फ्लॅटमधला नळ गळतो म्हणून! फ्लॅट न्यू जर्सीतल्या माझ्या मुलाचा, राहतो भाडेकरू. गुडघे तेवढे माझे.

खांब तलावाकडे फिरायला जमणाऱ्या आम्हा निवृत्तांपैकी निम्म्यांच्या खिशात किल्ल्यांचा असा जुडगा आहे. मुलं सातासमुद्रापार, फ्लॅट नागपुरात आणि म्हातारे साठ किलोमीटरवर भंडाऱ्यात. "मास्तर, पोट्ट्यायनं आपल्याले मुनीम करून टाकलं," असं एक मित्र म्हणतो. मुनिमाला निदान पगार असतो.

मुलगा म्हणतो, "बाबा, इन्व्हेस्टमेंट आहे." मी मराठी शिकवलं, गणित नाही; पण त्रैराशिक येतं. फ्लॅट ४५ लाखांचा, भाडं महिना १४ हजार. वर्षाचे १ लाख ६८ हजार, म्हणजे पावणेचार टक्केसुद्धा नाहीत. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगरंगोटी वजा करा. गेल्या वर्षी तीन महिने कुलूपच होतं. पोस्टातल्या माझ्या ठेवीला याहून जास्त व्याज मिळतं, आणि ती गळत नाही. "भाव वाढेल ना!" वाढेलही. मग त्याला सट्टा म्हणा, भाड्याचं उत्पन्न कशाला म्हणता?

शिवाय मालक अनिवासी असला की भाडेकरूने भाड्यातून सुमारे ३१ टक्के कर कापून सरकारजमा करायचा. हे ऐकून सरळ माणूस दुसरं घर बघतो. जो थांबतो तो म्हणतो, "काका, कॅशच घ्या ना." नाही म्हणून वाईट व्हायचं मी. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कुलमुखत्यारपत्र माझ्या नावाचं, तेव्हा धावपळही माझीच.

हिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी मी कुठे होतो? भाडेकरूचं डिपॉझिट परत करायला नागपुरात. हे मुलाला आजवर सांगितलं नव्हतं.

आणखी एक. रविवारच्या फोनवर पूर्वी नातू पाढे म्हणून दाखवायचा. आता वीस मिनिटं भाडेकरू, प्लंबर, सोसायटीचा सेक्रेटरी. नातवाची पाळी येईपर्यंत तो खेळायला गेलेला असतो.

परत येऊन राहायचं म्हणून कुणी घर घेत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण आईबापांचे पाय फुकट धरून केलेल्या हिशेबाला नफा म्हणू नये. पगार देऊन माणूस ठेवा, तो खर्च भाड्यातून वजा करा आणि मग सांगा काय उरलं ते.

बाळा, तू हे वाचतोस ते मला ठाऊक आहे. डिसेंबरात येशील तेव्हा जुडगा टीव्हीशेजारी ठेवलेला असेल. माणूस ठेव नाहीतर विकून टाक, तुझी मर्जी. आणि या रविवारी फोन आधी नातवाकडे दे.