पाणी प्यायला घाबरायचं किती दिवस?

मैत्रिणींनो, प्रवासाला निघालेली बाई ओळखायची एक सोपी खूण सांगू? ती पाणी पीत नाही. देवळीहून नागपूरला लग्नाला जायचं असो की माहूरला दर्शनाला, सकाळच्या चहानंतर आपलं पाणी बंद. का, ते प्रत्येकीला ठाऊक आहे. पुरुषांना रस्त्याची कड पुरते, आपण मुक्काम येईपर्यंत दम धरतो. मग उन्हाळी लागते, डोकं दुखतं, आणि डॉक्टरला सांगायचीही लाज!

ही सवय मी थेट अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनपर्यंत नेली. मुलगा फिनिक्सला असतो, मे महिन्यात आम्ही तिकडे गेलो होतो. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून जास्त खोल आहे. १९१९ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. काठावर झाडं आणि गारवा, तळाशी मात्र रखरखीत वाळवंट. उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. (वर्ध्याच्या माणसाला त्याचं काय कौतुक म्हणा!)

सूनबाई म्हणाली, "आई, थोडं खाली उतरून येऊ." पंजाबी ड्रेस, पायात बूट, पिशवीत चिवडा. बाटली भरलेली, पण झाकण बंद. तिकडे सांगतात ते उलटंच. पाणी पीत राहा, सोबत खारट काहीतरी खा, चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. आणि नुसतं सांगून सोडत नाहीत. २.४ किलोमीटर उतरल्यावर दगडी निवारा लागला. तिथे शौचालय, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत नळाला पिण्याचं पाणी! कड्याच्या मध्यावर! मग मी झाकण उघडलं आणि पोटभर प्यायले. गुडघे कुरकुरले, पण वर चढून आले.

हे पाणी दरीच्या पलीकडच्या बाजूच्या झऱ्यातून येतं. त्यासाठी १९६०च्या दशकात सुमारे २० किलोमीटर पाइप टाकला. तो सारखा फुटतो. २०२४च्या ऑगस्टअखेर तर असा फुटला, की दक्षिण काठावरची हॉटेलं काही दिवस बंद ठेवावी लागली. म्हणजे नळ तिकडेही जातात बरं का! पण पाणी नाही तर पाहुण्यांचा मुक्काम नाही, हा हिशेब त्यांना कळतो.

आमचे हे म्हणाले, "श्रीमंत देश आहे, त्यांना परवडतं." मला नाही पटत. आतून लागणारी कडी, बादलीभर पाणी आणि रोज झाडणाऱ्या बाईला वेळेवर पगार, याला डॉलर लागत नाहीत. आपल्याकडे किल्ल्यावर, धबधब्यावर गाडी लावायचे पैसे घेतात, फोटो काढायला रंगीत कमान उभारतात. शौचालय असलंच तर त्याला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.

हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाची सहल बोरच्या जंगलात न्यायची आहे. आपल्याच जिल्ह्यातलं, २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झालेलं जंगल, पण आमच्यातल्या निम्म्या जणींनी अजून पाहिलेलं नाही. गाडी कितीची, जेवण कुठे, याची चर्चा सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, आधी फोन करून विचारा. वाटेत बायकांसाठी सोय कुठे आहे, ती उघडी असते का, कडी लागते का. मला वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. एका काकूंनी तर वहीत पहिल्या नंबरावर लिहून घेतलं.