उत्तरेचे ओझे

रशियाच्या आकाराचे कौतुक सारेच करतात. पण हा देश वसला आहे कुठे, ते पाहायला हवे. त्याचा 60 टक्क्यांहून अधिक भूभाग कायम गोठलेल्या जमिनीचा आहे. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात इमारती खोल रोवलेल्या खांबांवर, जमिनीपासून वर उचललेल्या असतात. घरातली ऊब खाली झिरपली तर पायाच खचेल.

नद्यांचीही तीच गत.

ओब, येनिसेई, लेना उत्तरेला वाहतात. वसंतात उगमाकडचा, म्हणजे दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, मुखाकडचा तसाच राहतो आणि पाणी तुंबते. 2001 मध्ये लेनाकाठचे लेन्स्क असेच बुडाले.

तापमानवाढीमुळे सायबेरियात शेती फुलेल, असे म्हणणारे आहेत. पण वितळणारी जमीन रस्ते, तेलवाहिन्या आणि घरे घेऊनच खचते. मॉस्कोने आधी ती सावरावीत.